पाच परकरांची बाहुली

जुना ट्रक गॅरेजमध्ये आला की मी आधी त्याचा वास घेतो. बॉनेट उघडायचं, डोळे मिटायचे आणि नाक आत घालायचं. कच्च्या पेट्रोलचा वास आला, तर मालक काहीही म्हणो, गाडी पुढं हलवायची नाही. मालक म्हणतो, "मिस्त्री, नुसता हॉर्न तेवढा बघा." मी म्हणतो, "बघतो की. पण तो वाजवायला तुम्ही शिल्लक राहायला हवं ना." मग ते हसतात. आमच्या कियाकोयो गावात मी काहीही बोललो तरी लोक हसतातच. शेजारच्या टायरवाल्याच्या हवेच्या पंपाला मी एकदा बँडवाल्याची तुतारी जोडून ठेवली होती. सकाळी त्यानं पंप चालू केला आणि अख्खी गल्ली अंथरुणात उठून बसली. तेव्हापासून माझं खरं बोलणंसुद्धा कोणी खरं धरत नाही.

एकदा ते माझ्या चांगलंच अंगाशी आलं. तेच सांगतोय.

लाडकी नावाचा एक ट्रक आहे. नाव तिच्या कपाळावर निळ्या रंगात रंगवलेलं. वयानं माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, नाक लांब, दिवे गोल आणि आवाज असा की दोन गल्ल्यांवरून कुत्री ओळखतात. मालक गुमेर आणि त्याची बायको सेनोबिया. बाजारात त्यांचा बटाट्याचा घाऊक धंदा. गुमेरनं गाडी चालवायची आणि सेनोबियानं बोलायचं, अशी घरात वाटणी. मी या ट्रकचा धर्मबाप. आमच्याकडं पोराला असतो तसा गाडीलाही धर्मबाप असतो. पहिल्या दिवशी तिच्या चाकांवर चिचा म्हणजे मक्याची दारू ओतायची, स्वतःच्या घशातही ओतायची, फटाके लावायचे आणि मग जन्मभर तिच्या मालकांना कोंपाद्रे-कोमाद्रे म्हणायचं. मालकांनीही आपल्याला तेच म्हणायचं, आणि दुरुस्तीला उशीर झाला की ‘मेल्या’ म्हणायचं.

या प्रसंगाच्या तीन वर्षं आधी घाट उतरताना लाडकीचा ब्रेक गेला. गुमेरनं तिला कड्याला घासत घासत थांबवली. बटाटे दरीत गेले आणि गुमेर दवाखान्यात. चार महिने पडून होता. डॉक्टर म्हणाले, डावा पाय राहील, पण शोभेपुरता. तेव्हा सेनोबिया खाटेचा गज धरून उर्कुपिन्याच्या आईला, आमच्या देवीला, नवस बोलली, "याला उभा कर. तीन वर्षं तुझ्या मिरवणुकीत लाडकीला घरातल्या सगळ्या चांदीनं मढवून आणीन. चालवायला हाच बसेल. पार तुझ्या दारापर्यंत."

गुमेर उभा राहिला. डावा पाय तो हट्टी गाढवासारखा मागनं ओढत आणतो, पण चालतो. दोन वर्षं मिरवणूक झाली, तिसरी राहिली होती. सेनोबियाच्या मनानं एकच घेतलं होतं: तिसऱ्या वर्षी गाडी वाटेत राहिली, तर आई दिलेला पाय परत मागणार. मी एकदा म्हटलं, "कोमाद्रे, आई पाय घेऊन काय करणार? तिचा झगा जमिनीपर्यंत आहे, कोणाला दिसणारसुद्धा नाही." तिनं मला पंधरा दिवस बटाटे दिले नाहीत.

जुलैत ती गुमेरला आणि लाडकीला घेऊन माझ्याकडं आली. मिरवणूक ऑगस्टच्या मध्याला.

"कोंपाद्रे, मागल्या वर्षी दोनदा वाफ सोडली हिनं. यंदा सोडली तर मी तुमच्या तोंडातून वाफ काढीन."

"कोमाद्रे, वाफ सोडेल नाही तर काय करेल? तुम्ही तिच्या नाकावर तीन घोंगड्या, चाळीस ताटं आणि चांदीचे दोन बैल बांधता आणि पाच तास नाचणाऱ्यांच्या मागं रांगायला लावता. मला असं सजवून रांगायला लावा, बघा मी काय काय सोडतो."

गुमेर मिशीत हसला. सेनोबिया हसली नाही.

कोणाकडं जुना ट्रक असला तर ऐका, उपयोगी पडेल. मी पहिल्यांदा ब्रेक धरला. जुन्या गाडीला ब्रेकची एकच नळी असते, ती फुटली की चारही चाकं मोकळी. मी पुढच्या चाकांची नळी वेगळी केली, मागच्यांची वेगळी. एक दगा देईल, दोन्ही एकदम देणार नाहीत. मग पाणी थंड करायची जाळी आणखी एक थर जाड केली. जुना पंखा इंजिनाच्या तालावर फिरतो, गाडी रांगायला लागली की तोही जांभया देतो. म्हणून विजेचे दोन पंखे बसवले, स्वतंत्र बटणावर. कापड गुंडाळलेल्या म्हाताऱ्या वायरी सगळ्या उपटून टाकल्या आणि नव्या वायरींना प्रत्येकी फ्यूज दिला. पेट्रोलची नळी धुराड्याच्या पाइपाला चिकटून जात होती, ती दुसऱ्या बाजूनं फिरवली, लोखंडी. शेवटची वीतभर मात्र रबरी ठेवावी लागते, कारण इंजिन थरथरतं आणि लोखंड तडकतं.

आणि ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलचा नळ, गुडघ्याशी बॅटरी तोडायचं बटण. किल्ली बंद, नळ बंद, बॅटरी बंद. हे तीन हात मी गुमेरकडून डोळ्यांवर फडकं बांधून करून घेतले, दिवसातून वीस वेळा. तो न कुरकुरता करायचा.

"आंधळी कोशिंबीर खेळताय का दोघं?" सेनोबिया दारातून म्हणाली.

"तुम्हीही या, कोमाद्रे. राज्य तुमच्यावर."

सगळ्यात शेवटी मी लाल सिलिंडर काढला. आग विझवायचा, पावडरचा, दोन किलोचा.

"हे काय?"

"आगीचं औषध."

"माझ्या ट्रकला आग लागणार आहे का?"

"देव न करो."

"मग कशाला आणलं? बोलावणं धाडल्यासारखं होतं."

"छत्री घेतली म्हणून पाऊस येतो का कोमाद्रे?"

"येतो," ती म्हणाली. "भाचीच्या लग्नात आला."

मी तिला सगळं समजावलं. हा ड्रायव्हरच्या दाराशी, पायरीवर लावायचा. हात घातला की मिळाला पाहिजे. सीटखाली ठेवला तर दोरखंड आणि पोत्यांत सापडत नाही. इंजिनाजवळ तर मुळीच नको, कारण आग लागली की तिथंच लागणार, मग औषध आणायला आगीत कोण जाणार? दाबाचा काटा हिरव्यात आहे का ते बघत राहायचं. आणि महिन्या-दोन महिन्यांनी उलटा करून हलवायचा, कारण ट्रकच्या हादऱ्यांनी आतली पावडर तळाला बसून वीट होते.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या आजीच्या चांदीशेजारी हा लाल डबा? लोक म्हणतील, सेनोबियानं स्वयंपाकाचा गॅस लटकवला."

चाकापाशी बसून नट आवळणारा गुमेर म्हणाला, "असू दे की."

तिनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं आवळलेला नट सैल करून पुन्हा आवळला.

दुसरा कोणी असता तर वाद घालत बसला असता. मी घरी गेलो. माझी बायको एल्वा परकर शिवते, बाजारातल्या निम्म्या बायका तिच्या गिऱ्हाईक.

"एल्वा, एका बाईला नटवायचंय."

तिनं मशीन थांबवली. "कोणाला?"

"दोन किलोची आहे."

सिलिंडर टेबलावर ठेवल्यावर ती आधी मला वेडा म्हणाली आणि मग तिलाच चेव चढला. गुलाबी साटिनचा घेरदार परकर, वर भरतकामाची शाल, काळ्या लोकरीच्या दोन वेण्या, डोक्यावर आमच्याकडच्या बायका घालतात तशी उंच पांढरी टोपी. नळी पाठीमागं वेण्यांखाली लपवली. मोज्यात कापूस भरून चेहरा केला, गालावर लाली. काट्याची तबकडी छातीवर ब्रोचसारखी बसली. म्हणजे काटा हिरव्यात आहे का बघायला परकर उचलायला नको. पाठीला एकच गाठ ठेवली. ओढली की बाई मोकळी.

मिरवणुकीच्या गाड्यांवर बाहुल्या बांधतातच. बाहुली बघून सेनोबिया विरघळली.

"अगं बाई, किती गोड! पण जड आहे हो."

"खात्यापित्या घरची आहे."

गुमेरनं बाहुलीच्या पोटावर टिचकी मारली. आतून टण् आवाज आला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी आभाळाकडं बघितलं. मग त्यानं दाराशी एक खिळा ठोकून ती पायरीवर बसवली आणि एका अक्षरानं काही बोलला नाही. माणूस असावा तर असा.

मिरवणुकीच्या सकाळी मी बाजारात जांभळ्या मक्याची गरम आपी प्यायला थांबलो आणि तिथं गप्पांत अर्धा तास गेला. पोचलो तर लाडकी पूर्ण सजलेली. घोंगड्या, विणलेल्या रंगीत चादरी, त्यांवर टाके घालून बसवलेली ताटं, सुरया, चमचे, दोन बैल. ऊन पडलं होतं आणि तिच्याकडं नुसतं बघायचं म्हटलं तरी डोळे दिपत होते.

पायरी रिकामी होती.

"बाहुली कुठाय?"

"तिथं मागं कोण बघणार होतं तिला?" सेनोबिया म्हणाली. "पुढं घेतली."

बाहुली लाडकीच्या नाकावर होती. पुढच्या लोखंडी पट्टीवर, जाळीच्या बरोबर मधोमध. चोरांच्या भीतीनं सेनोबियानं तिला जाड तारेनं छाती-कमरेला पंधरा वेढे घालून बांधलं होतं. शिवाय बाई जरा फुगलेली वाटत होती.

"हिला काय झालं?"

"एकाच परकरात कुठं आणायची चांगल्या घरची पोर? लोक म्हणतील उपाशी आहे. मी घरातले आणखी चार घातले. शिवून टाकलेत, उडायला नकोत."

मी तिथंच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण ती एवढी खूश होती, आणि खरं सांगायचं तर माझ्या पोटात गुदगुल्या होत होत्या. जो लाल डबा तिला डोळ्यांसमोर नको होता, त्यालाच तिनं पाच परकर नेसवून ट्रकच्या नाकावर मिरवायला बसवलं होतं! म्हटलं, देवळापाशी पोचलो की सगळ्यांसमोर सांगू, मजा येईल. ही माझी चूक. दुसरी चूक तिची, आणि ती मला नंतर कळली: बॉनेटवरची लोकरी चादर वाऱ्यानं उडू नये म्हणून तिनं बॉनेट उचलून चादरीची कड आत खोचली होती आणि बॉनेट परत लावलं होतं.

मिरवणूक निघाली. पुढं बँड, त्यामागं नाचणारे, मग लाडकी. गुमेर स्टिअरिंगवर, शेजारी उशीवर सेनोबिया, कानात डूल, बोटाबोटात अंगठ्या. मी दाराबाहेरून चालत होतो, एका हातात चिचेची तुंबडी. तीन तास सगळं छान चाललं. पंखे घुमत होते, उष्णतेचा काटा जागचा हलला नाही. सेनोबिया लोकांना हात करत होती, जणू तीच आई आणि हे तिचंच देऊळ.

चार गल्ल्या राहिल्या असताना वास आला. पहिल्यांदा वाटलं, कडेला काळीज भाजून विकणारी बसलीय तिचा. पण मांस भाजल्याचा वास वेगळा आणि केस जळल्याचा वेगळा. लोकर जळत होती. बॉनेटच्या फटीतून निळसर धुराची एक काडी वर आली आणि बघता बघता तिचा काळा दोरखंड झाला.

"गुमेर!"

त्यानं काय झालं ते विचारलं नाही. किल्ली, नळ, बॅटरी. तिन्ही हात झाले तेव्हा माझ्या तुंबडीतली चिचा अजून जमिनीवर पोचायची होती. लाडकी थांबली.

"का थांबलो?" सेनोबिया आतून ओरडली. "कोंपाद्रे, का थांबवली?"

मी नाकाकडं पळालो. बॉनेट उघडायचा प्रश्नच नव्हता, त्यावर अख्खं घर शिवलेलं होतं. आणि उघडता येत असतं तरी उघडायचं नसतं. आतल्या आगीला एकदम वारा दिला की ती उठून उभी राहते. खालून नाही तर जाळीतून पावडर मारायची. औषध जाळीसमोरच होतं, परकरात.

मी गुडघ्यांवर बसलो आणि पहिला परकर वर केला. खाली दुसरा. दुसरा केला, खाली तिसरा, लेस लावलेला. आजूबाजूला शिट्ट्या सुरू झाल्या. चौथ्याला टाके पक्के होते, दातानं तोडले. तेवढ्यात पाठीत छत्री बसली.

"निर्लज्जा! देवीच्या मिरवणुकीत! बाहुलीला तरी सोड!" एक म्हातारी होती, काळी छत्री, हात भलताच जड.

"मावशी, थांबा—"

"थांबा म्हणतोय! वय बघ स्वतःचं!" दुसरी छत्री.

सेनोबिया दारातून अर्धी बाहेर आली. "कोंपाद्रे! माझ्या बाहुलीला हात लावू नका!"

"ती बाहुली नाही!"

"मग काय आहे?"

"तुमचा लाल डबा!"

सेनोबिया परत आत सीटवर बसली. म्हातारीनं छत्री वरच्या वर धरली. मी एल्वाची गाठ ओढली, पाचवा परकर खाली आला, सिलिंडरची पिन उपटली. तार काही सुटत नव्हती, पण नळी सुटली. ती जाळीच्या दोन गजांमधून आत सारली, तोंड धुराच्या मुळाकडं केलं आणि दाबलं.

असं काही होईल हे मलाही माहीत नव्हतं. पांढरी पावडर आत गेली आणि लाडकीच्या अंगाला जेवढी म्हणून भोकं होती तेवढ्यांतून बाहेर आली. चाकांवरून, दिव्यांमागून, डॅशबोर्डखालून. मी थांबून थांबून तीन वेळा मारली. धूर काळा होता तो करडा झाला, मग पांढरा, मग नुसता पावडरीचा ढग. ढग खाली बसला तेव्हा केबिनमध्ये पिठात लोळवलेल्या दोन आकृती होत्या. एकीच्या कानात डूल होते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, यंदाचा हा नवा प्रकार. बँडवाल्याला वाटलं, आपल्याला इशारा झाला, त्यानं ढोल दुप्पट केला. कडेचा एक पिणारा शेजाऱ्याला सांगत होता, "पुढच्या वर्षी आपल्या गाडीवर अशा दोन बसवायच्या."

आग गेली असं वाटलं तरी लगेच उघडायचं नसतं. मी थांबलो, बॉनेटला तळहात लावून बघितला, मग टाके उसवून बोटभर उचललं, मग सगळं. चादरीची खोचलेली कड सरकून धुराड्याच्या लालबुंद पाइपावर पडली होती. कोपरा कोळसा झाला होता. दोन वायरी वितळल्या होत्या, आणि ती वीतभर रबरी नळी चपटी होऊन चुरगळली होती. गुमेरनं नळ बंद केला नसता, तर त्या नळीतून पेट्रोल आलं असतं आणि मी हे सांगायला राहिलो नसतो. औषध नाकावर बांधलं ते बरं झालं, असं कोणी म्हणालं तर मी आजही भांडतो. पेटलं होतं ते कापड, म्हणून निभावलं. पेट्रोल असतं तर तिथवर हात गेला नसता.

"करा चालू," सेनोबिया म्हणाली. ती खाली उतरली नव्हती.

"नाही होणार, कोमाद्रे. नळी गेली."

"बाटली लावा."

बाटली म्हणजे काय ते आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पेट्रोल भरलेली बाटली वर कुठंतरी बांधायची, तिच्यातून नळी थेट इंजिनात. डोंगरात अडकलेला प्रत्येक ट्रक असाच घरी आलाय. मीही आणलेत. माझ्या हातांना ते इतकं पाठ आहे की ते आपोआप बाटली शोधायला लागले होते.

"नाही," मी म्हटलं.

"चार गल्ल्या आहेत!"

"चाळीस पावलं असती तरी नाही. इंजिन तापलंय, सिलिंडर रिकामा झालाय, चारी बाजूंनी माणसं. उघडं पेट्रोल नाही."

"मस्करी करताय तुम्ही."

"आज सकाळपासून एवढंच एक मस्करीशिवाय बोललोय."

मागचा नाचणारा गट येऊन थांबला होता. मिरवणुकीचा माणूस शिट्टी वाजवत होता, गाडी कडेला घ्या म्हणून हात करत होता. सेनोबियानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिच्या गालांवरच्या पावडरीतून दोन ओल्या रेघा खाली उतरल्या.

"मग याचा पाय?" ती म्हणाली. हळू म्हणाली, पण बँडच्या आवाजातही ते मला ऐकू आलं. माझ्या पोटातल्या सगळ्या गुदगुल्या कुठल्या कुठं गेल्या. तिला सकाळीच सांगितलं असतं, बॉनेट एकदा उघडून बघितलं असतं, तर ती चादर मला दिसली असती.

गुमेरनं रुमालानं मिशी पुसली.

"सेनोबिया, तू आईला काय बोलली होतीस?"

"तुला माहीतेय."

"शब्दाशब्दानं सांग."

"लाडकीला चांदीनं मढवून आणीन. तू चालवशील. दारापर्यंत."

"इंजिनाचं काही बोललीस?"



"नाही."

"पेट्रोलचं?"

"नाही बोलले."

"मग. चांदी आहे. मी बसलोय. दार ते काय, दिसतंय. ढकला की."

ओळख झाल्यापासून पंचवीस वर्षांत मी गुमेरच्या तोंडून एका दमात एवढं ऐकलं नव्हतं. सेनोबियानंही ऐकलं नसावं. तिनं डोळे पुसले, त्यामुळं पावडर आणखी पसरली, मग उशी बाजूला सारली आणि पायरीवरून खाली उतरली. सरळ मागं गेली, शाल कमरेला बांधली आणि अंगठ्यांनी भरलेले दोन्ही हात फळीवर टेकले.

"काय बघत उभे आहात?" ती मागच्या नाचणाऱ्यांवर ओरडली. "तीन महिने नाचायची तालीम केलीत, हात मोडलेत का?"

ते आले. अंगावर मणामणाचे भरजरी पोशाख, हातात खुळखुळे, ते त्यांनी दातांत धरले. छत्रीवाली म्हातारीही आली. मला म्हणाली, "तू माझ्या पुढं राहा, माझ्या नजरेसमोर." मी म्हटलं, "मावशी, मला चाकापाशी राहावं लागतं." इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, म्हणून मी मागच्या चाकाबरोबर लाकडाचा ठोकळा घेऊन चालत होतो. तिनं मान हलवली, पण छत्री तयारीत ठेवली.

ढकलायची चाल आणि नाचायची चाल सारखीच निघाली. दोन पावलं पुढं, एक दम. बँडवाल्याला हे पहिल्या गल्लीतच कळलं आणि त्यानं ताल तसा धरला. मग कोणी ढकलतंय असं वाटेना, नाचतच चाललेत असं वाटत होतं. सेनोबिया सगळ्यात मोठ्यानं दम भरत होती, आणि दर गल्लीच्या तोंडाशी विचारत होती, "गुमेर, बसलायस ना?" आतून उत्तर यायचं, "बसलोय."

देवळाच्या दारात पाद्री फुलांचा झुबका पाण्यात बुडवून गाड्यांवर शिंपडत होते. लाडकीसमोर त्यांचा हात थांबला.

"हे पांढरं काय?"

"वाटेत धुकं होतं, फादर," मी म्हटलं.

त्यांनी निरभ्र आभाळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मला ओळखलं आणि दोन झुबके जास्त शिंपडले.

सेनोबिया एकटी आत गेली. आम्ही बाहेर थांबलो. गुमेर स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होता, उतरला नाही. बऱ्याच वेळानं ती आली. चेहऱ्यावर पावडर तशीच, गुडघ्यांना देवळातली धूळ.

"काय म्हणाली आई?" मी विचारलं.

"काही नाही म्हणाली."

"मग?"

"नाराज असती तर बोलली असती," सेनोबिया म्हणाली. "मी असते तर बोलले असते."

मग ती माझ्याकडं वळली आणि मला जे ऐकवलं ते इथं सांगण्यासारखं नाही. शेवटी म्हणाली, पुढं माझ्या गाडीवर काही लावायचं तर तोंडानं सांगून लावायचं आणि दाराशी लावायचं. तिथला तो खिळा अजून रिकामा आहे, भरलेला नवा आणून अडकवा, परकर नको. आणि ही पावडर? मी सांगितलं, आजच पुसायला लागेल, राहिली तर धातू खाते. म्हणाली, "मग बसा." घोंगडी अंथरून तिनं सगळी चांदी माझ्यापुढं ओतली आणि बादली दिली. मिरवणूक बघायला आलेली एल्वा शेजारी येऊन बसली, हसून हसून तिच्या हातातला चमचा दोनदा पाण्यात पडला.

भूक सगळ्यांना लागली होती. गुमेर म्हणाला, मी आणतो, आणि उतरला. तळलेल्या डुकराच्या मांसाची गाडी चौकाच्या पलीकडं होती. सेनोबिया ट्रकच्या पायरीवर बसली आणि त्याच्या पायाकडं बघत राहिली. तो पाय ओढत गर्दीतून गेला, रांगेत उभा राहिला, कोणाशीतरी बोलला, दोन्ही हातांत ताटल्या धरून तसाच ओढत परत आला. ती पूर्ण वेळ बघत होती. एकदा एक पोरगा त्याच्या आडवा पळाला तेव्हा ती अर्धी उठली आणि परत बसली.

तो आला, घोंगडीवर टेकला, पाय लांब केला. तेव्हा कुठं तिनं ताटली हातात घेतली आणि एक तुकडा तोंडात टाकला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली आणि सगळं संपवलं.